आमची वाटचाल : मुलचेऱ्यातला मुरमुऱ्यांचा गृहउद्योग

आमची माणसं पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आली. १९६०च्या दशकात त्यांना इथल्या जंगलपट्टीत वसवलं. तेव्हा हा भाग चंद्रपुरात होता, गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. सरकारने जमीन दिली. मुडी, म्हणजे मुरमुरे भाजायचं कसब आजेसासूबाई तिकडूनच घेऊन आल्या होत्या.

काम सोपं नाही. धान उकडायचं, वाळवायचं, भरडून आणायचं. त्या तांदळाला मिठाचं पाणी चोळून मंद आचेवर हलवत राहायचं आणि मग तापलेल्या वाळूत टाकायचं. वाळू निवली तर दाणा कडक राहतो, जास्त तापली तर करपतो. हा अंदाज घरोघरी बायांच्याच हातात. पोतं बाजारात न्यायचे मात्र पुरुष, पैसाही त्यांच्याच खिशात. मला ते फार सलायचं.

सासरे थकले तेव्हा आष्टी, घोटच्या आठवडी बाजारात मीच बसू लागले. काही जण ‘बांगलादेशी’ म्हणून हिणवत. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले, त्यांना मराठीतच उत्तर द्यायची. गोंड बायांनी मात्र पहिल्या बाजारापासून माल घेतला, ते मी विसरणार नाही.

भट्टी वाढवायला कर्ज मागितलं, तर जमीन वर्ग दोनची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, तीही सासऱ्यांच्या नावावर. गहाण ठेवायला माझं असं काहीच नव्हतं. आधी बचत गटाने हात दिला. पुढे केंद्र सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज मिळालं. ५० हजारांपर्यंतच्या त्या कर्जाला तारण लागत नाही. उद्यम नोंदणीत, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, मालकाचा जात-प्रवर्ग विचारतात. आम्ही नमःशूद्र. पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणून नोंदणीत ‘सर्वसाधारण’ लिहावं लागलं, आणि हा अन्याय आहे असं मी आजही म्हणते. मालक म्हणून नाव मात्र माझं, आणि ‘महिला’ हा रकाना मी स्वतः भरला.

आज भट्टीवर बंगाली आणि गोंड बाया सोबत काम करतात. जिची मजुरी तिच्याच खात्यात जाते, नवऱ्याच्या हातात नाही. ही अट मी सुरुवातीपासून ठेवली. पाकिटं आलापल्ली, अहेरीच्या दुकानांत जातात. येत्या हंगामात धुराड्याची भट्टी बांधायची आहे. धुराने सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात. धानही गावातूनच घेणार, आणि सातबाऱ्यावर जिचं नाव चढलंय तिच्याकडून आधी.