क्लोरीनच्या जंतुनाशकात काही मिसळलं की चाचणी कशी घ्यायची : माझा अनुभव

हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशक द्रावणात, फेस आणणारं, सुगंधी किंवा त्वचेचा त्रास कमी करणारं काही घातलं, की बहुतेक जण थेट जंतू मारण्याची चाचणी लावतात. मी आधी ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रावण सोडायची मापाची नळी) भरून क्लोरीन मोजते. मिश्रणात क्लोरीनच टिकत नसेल, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

१० मिलि नमुना पाण्याने १०० मिलि करायचा आणि त्यातला १० मिलि घ्यायचा. फ्लास्कमध्ये आधी ५० मिलि पाणी आणि २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, मग नमुना, शेवटी ५ मिलि ॲसेटिक ॲसिड. नमुन्यात ॲसिड आधी पडलं, तर क्लोरीन वायू होऊन उडतं. आकडा कमी येतो आणि तो वायू घातकही असतो. सुटलेलं आयोडीन संपवणारं ०.१ नॉर्मल (तीव्रतेचं माप) थायोसल्फेट ब्युरेटमधून सोडत जायचं. तपकिरी रंग वाळल्या गवतासारखा फिका पिवळा झाला, की मगच स्टार्च, आणि त्याचा निळा रंग गेला की थांबायचं. आधी घातलं तर आयोडीन स्टार्चला धरून बसतं आणि निळा रंग जाता जात नाही. १ मिलि थायोसल्फेट म्हणजे ३.५४५ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणून ५ टक्क्यांच्या द्रावणाला साधारण १४ मिलि लागतात.

हे पहिल्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी करायचं. शेजारी मूळ द्रावणाची, काहीही न मिसळलेली बाटली हवीच, पीएचही तोच. नाहीतर क्लोरीन सुगंधाने खाल्लं की आपोआप घटलं, हे कळत नाही. फेसासाठी अमाइन ऑक्साइड हायपोक्लोराइटमध्ये बरंच तग धरतं.

जंतूंसाठी ईएन १२७६ या युरोपीय मानकाची पद्धत वापरते. १ मिलि अल्ब्युमिनचं (मळाच्या जागी घालायचं प्रथिन) द्रावण, १ मिलि जिवाणू, ८ मिलि जंतुनाशक, २० अंश, ५ मिनिटं. लाखातला एकच जिवाणू उरायला हवा. जंतुनाशक यात पातळ होतं, म्हणून ते सव्वापट तीव्र करून घ्यायचं. तयार मिश्रणात अल्ब्युमिन स्वच्छ स्थितीसाठी लिटरला ०.३ ग्रॅम, मळकटसाठी ३ ग्रॅम. प्रथिन क्लोरीन गिळतं, त्यामुळे पहिल्यात पास झालेलं दुसऱ्यात नापास होऊ शकतं.

सगळ्यात जास्त फसगत न्यूट्रलायझरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी जंतुनाशकाची क्रिया थांबवणाऱ्या द्रावणात, होते. थायोसल्फेट क्लोरीन थांबवतं, फेसाच्या पदार्थाला नाही. तो जिवाणू वाढवायच्या प्लेटवरही त्यांना दाबत राहतो आणि कोरी प्लेट पाहून चाचणी पास वाटते. म्हणून त्याला निष्प्रभ करणारे पॉलिसॉर्बेट ८० आणि लेसिथिन सोबत घालते. मग न्यूट्रलायझर आणि जंतुनाशक ५ मिनिटं एकत्र ठेवून त्यात मोजके जिवाणू सोडते. निम्म्याहून कमी वाढले, तर सगळे निकाल बाद.

त्वचेसाठी आधी ओईसीडी ४३९ ही आंतरराष्ट्रीय चाचणी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी बाह्यत्वचेवर पदार्थ लावून पाहणं. ५० टक्के किंवा त्याहून कमी पेशी जिवंत राहिल्या, तर पदार्थ दाहक. यात पेशींचं मोजमाप एमटीटीच्या, म्हणजे जिवंत पेशींत रंग बदलणाऱ्या पदार्थाच्या, रंगावर असतं आणि क्लोरीन रंग उडवतं. ऊती नीट धुतल्या नाहीत, तर आकडा खोटा येतो. माणसांवर पट्टी लावायची ती नैतिकता समितीची परवानगी आणि लेखी संमती घेऊनच, तीही वापराच्या तीव्रतेची, मूळ द्रावणाच्या पट्टीशेजारी. पट्टीतलं क्लोरीन कापूस आणि त्वचेची प्रथिनं लवकर संपवतात, म्हणून एका पट्टीवर लाली नाही म्हणून मी पदार्थ सौम्य ठरवत नाही. दिवसातून अनेकदा, सलग काही दिवस हात धुऊन, त्वचेतून उडणारं पाणी मोजल्यावरच मी निर्णय देते.