तुम्ही विचारलंत म्हणून: आठ दिवसांच्या शिबिरानं शाळा बदलते का?

काका, गेल्या गणपतीत इथे फिनलंडमध्ये, एस्पोला, आरती झाल्यावर ताट हातात घेऊन तुम्ही मला विचारलंत, "आठ दिवस मुलांना परदेशात न्यायचं, खेळ घ्यायचे, गप्पा मारायच्या. त्यानं शाळा कशी बदलणार, सांग बरं?" तुम्ही जन्मभर शिकवलंत, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात. प्रश्नात खोच नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं. पण मागे रांग होती, वरण निवत होतं, आणि मला धड काही सांगता आलं नाही. सांगलीची आत्याही दर सुट्टीत हेच विचारते. तेव्हा एकदा सविस्तर लिहिते. त्या वेळी आमचं एस्टोनियातल्या नार्वाला मुलांना घेऊन जाणं व्हायचं होतं, आता ते झालंय, म्हणून सांगायलाही सोपं जाईल.

आधी माझं काम. इथे जवळजवळ प्रत्येक गावात मुलांसाठी युवा केंद्र असतं. मुलं त्याला लाडानं नुओक्कारी म्हणतात. शाळा सुटली की येतात, रात्री नऊच्या सुमारास जातात. पूल टेबल, जुना सोफा, ओव्हनमध्ये चीज घातलेले पाव, आणि आम्ही दोघं-तिघं मोठी माणसं. आम्हाला ओह्याया म्हणतात, म्हणजे वाट दाखवणारे. आम्ही शिक्षक नाही, पालक नाही, गुण देत नाही. मूल आपणहून येतं आणि आपणहून जाऊ शकतं, याच पायावर सगळं उभं आहे. तुम्हाला एनएसएसचं शिबिर ठाऊक आहे. आमच्या कॉलेजच्या सात दिवसांच्या शिबिरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून आम्ही वनराई बंधारा बांधला होता. तिथे रात्रीच्या बैठकीत पहिल्यांदा कुणी तरी मला विचारलं होतं, "तुला काय वाटतं?" ती बैठक वर्षभर चालली तर जे होईल, ते माझं काम. त्याला युवाकार्य म्हणतात.

आता त्यातलं डिजिटल युवाकार्य. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, मी मुलांना कोडिंग शिकवते. कधी तरी शिकवतोही, पण ते मुख्य नाही. हेलसिंकीच्या युवा विभागानं २००४ सालीच इंटरनेटवर युवाकार्य सुरू केलं होतं. मुलं जिथे जमतात तिथे आपण जायचं, एवढा साधा विचार. चौकात जमत असतील तर चौकात, गेममध्ये जमत असतील तर गेममध्ये. पुढे २०१९ साली, फिनलंडकडे युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचं अध्यक्षपद असताना, डिजिटल युवाकार्यावर सगळ्या सदस्य देशांचा मिळून एक दस्तऐवजही झाला. त्यामागचं म्हणणं मला पटतं: तंत्रज्ञान हे कधी साधन असतं, कधी उपक्रम असतो, कधी चर्चेचा विषय असतो, पण काम युवाकार्याचंच राहतं. अॅप बदलत राहतात. समोरचं माणूस भरवशाचं आहे की नाही, हे बदलून चालत नाही.

एका मुलाचं सांगते. कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमचं केंद्र बंद होतं आणि आम्ही संध्याकाळी सहा ते नऊ डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या अॅपवर बसायचो. नियम कडक होता: दोन ओह्याया कायम एकत्र, आणि गंभीर काही कळलं तर पुढे कळवणं बंधनकारक. तो तेव्हा तेरा वर्षांचा. नाव हिरवं दिसायचं, म्हणजे तो आहे. बोलायचा नाही. "हाय" लिहिलं तर अर्ध्या तासानं "हाय". माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये आम्ही एक घर बांधत होतो. एका रात्रीत कुणी तरी त्याच्याभोवती पूर्ण तटबंदी उभारून गेलं. विचारलं, तर उत्तर एकच अक्षर: "मी." हे असं दीड वर्ष चाललं. मग एका गुरुवारी दारात एक उंच मुलगा उभा राहिला, कोट न काढता. मी आवाजावरून ओळखणं शक्यच नव्हतं, कधी ऐकलाच नव्हता. तो म्हणाला, "तटबंदीवाला." त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते.

हाच मुलगा ऑक्टोबरमध्ये आमच्याबरोबर नार्वाला आला. आता सतरा वर्षांचा आहे.

ही युवा देवाणघेवाण, म्हणजे तुम्ही म्हणालात ते आठ दिवसांचं शिबिर, चालते कशी, ते थोडक्यात. इरास्मस प्लस नावाचा युरोपीय संघाचा कार्यक्रम आहे. विद्यापीठांसाठी १९८७ साली सुरू झालेल्या इरास्मसचं हे वाढलेलं रूप. त्यात तरुणांच्या गटांसाठी वेगळा भाग आहे: वय १३ ते ३०, किमान दोन देश, पाच ते एकवीस दिवस. शेवटी प्रत्येकाला यूथपास नावाचं प्रमाणपत्र मिळतं, ज्यात काय शिकलो ते मुलानं स्वतः लिहायचं असतं. अर्ज लांबलचक असतो आणि तो बहुतेक वेळा मोठी माणसंच भरतात. दुखणं इथूनच सुरू होतं.

कारण काका, तुमची शंका मला स्वतःलाही एकदा खरी वाटली आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका देवाणघेवाणीत विषय शिक्षणसुधारणेचाच होता. शेवटच्या दिवशी पाहुणे येणार, मुलं त्यांच्यापुढे शिफारशी मांडणार. आदल्या रात्री अकरा वाजले तरी कागद तयार नव्हता. आम्ही तीन देशांचे चार मोठे बसलो आणि सुंदर इंग्रजीत दहा मुद्दे लिहून काढले. सकाळी मुलांनी ते वाचून दाखवले. टाळ्या झाल्या, फोटो झाले. परतीच्या बोटीवर आमच्या एका मुलीनं मला विचारलं, "त्या सातव्या मुद्द्याचा अर्थ काय होता?" मला त्या प्रश्नाची अजून लाज वाटते. त्या मुलांच्या तोंडी आम्ही आमचं भाषण घातलं होतं. शिबिर असं झालं, तर आठ काय ऐंशी दिवसांनीही शाळेत काही बदलणार नाही.

तेव्हापासून मी एक ठरवलं. आपण मुद्दे लिहायचे नाहीत. प्रश्नही मोठे विचारायचे नाहीत. "शिक्षणव्यवस्थेत काय सुधारावं?" असं विचारलं की मूल वर्तमानपत्रासारखं बोलायला लागतं. "काल सकाळपासून काय काय झालं?" असं विचारायचं.

नार्वा हे एस्टोनियाचं पार पूर्वेचं गाव. नदीच्या या तीरावर किल्ला, पलीकडे रशियाचा इवानगोरोदचा किल्ला, मध्ये पूल. गावातली बहुतेक घरं रशियन बोलणारी. आम्ही हेलसिंकीहून दोन तास बोटीनं ताल्लिन, तिथून पुढे आगगाडी. तिसरा गट जॉर्जिया या देशाचा. तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत तीन दोऱ्या बांधल्या. खेळ असा: आपल्या शाळेच्या एका दिवसाचा प्रत्येक तास कागदावर लिहायचा आणि चिमट्यानं दोरीला लावायचा. तुम्ही म्हणालात ना, खेळ. हा तो खेळ.

आमच्या मुलांची दोरी तीन वाजता संपली. नार्वाच्या मुलांची साधारण तेवढीच. जॉर्जियाच्या मुलांची दोरी भिंतीपर्यंत आली तरी कागद उरले होते. त्यांनी आणखी सुतळी मागितली, खिडकीच्या कडीला बांधली, तिथून दारापर्यंत नेली. पाच वाजता गणिताची शिकवणी, सात वाजता इंग्रजीची, मग घरचा अभ्यास. मला आपल्याकडचा क्लास आठवला, आणि पोटात काही तरी हललं. त्यांच्याकडे विद्यापीठ प्रवेशातली लाच थांबावी म्हणून २००५ साली देशभर एकच परीक्षा आणली. फार चांगली सुधारणा, लाच खरोखरच हटली. पण त्या परीक्षेची तयारी कुठे करायची, याचं उत्तर मुलांच्या संध्याकाळींवर येऊन पडलं. जॉर्जियाची एक मुलगी आमच्या दोरीपाशी थांबली आणि पावणेअकराच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "जेवण? सगळ्यांना? फुकट?" हो, १९४८ पासून. आमच्या पोरांनी त्या कागदाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यांना ते नळाच्या पाण्यासारखं वाटत होतं.

मग फोनचा विषय आला. फिनलंडमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून पहिली ते नववीसाठी नवा कायदा लागू झालाय: तास चालू असताना मोबाइल बंद, शिक्षकांनी अभ्यासासाठी परवानगी दिली किंवा तब्येतीचं कारण असलं तरच चालू. मधल्या सुट्टीचं शाळेनं ठरवायचं. आमच्या मुलांच्या शाळेनं वरच्या वर्गांनाही तोच नियम लावलाय आणि सुट्टीतही फोन बंद केलाय, म्हणून सव्वाआठच्या कागदावर लिहिलं होतं, "फोन पेटीत." आणि बोटीनं दोन तासांवरच्या एस्टोनियात त्याच वर्षी सप्टेंबरात एआय-झेप सुरू झाली: दहावी-अकरावीच्या मुलांना आणि शिक्षकांना एआयची साधनं आणि प्रशिक्षण, पहिल्या वर्षी सुमारे २०,००० विद्यार्थी आणि ३,००० शिक्षक अशी योजना. नाव १९९६ साली जाहीर केलेल्या व्याघ्रझेपेवरून, ज्या मोहिमेनं तिथल्या शाळाशाळांत कॉम्प्युटर आणि इंटरनेट पोचवलं. शेजारचे दोन देश, दोघांच्या शाळांचं जगभर कौतुक, आणि महिन्याभराच्या अंतरानं दोघांनी उलट दिशेला पाऊल टाकलं.

तुम्हाला वाटेल, मुलं दोन बाजू घेऊन भांडली असतील. थोडी भांडलीही. मग आमचा तटबंदीवाला बोलला. इंग्रजीत, थांबत थांबत. "फोन काढून घेतला, त्याचं मला काही नाही. वर्गात खरंच शांत वाटतं. पण पूर्वी सुट्टीत मी फोनमध्ये बघत असायचो, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही की माझ्याशी कुणी बोलत नाही. आता सगळ्यांना दिसतं."

खोलीत कुणी हललं नाही. चार वर्षं मी त्याला ओळखते. हे तो मला कधी बोलला नव्हता. परक्या गावात, परक्या भाषेत, पुन्हा कदाचित न भेटणाऱ्या मुलांपुढे बोलला, कारण दोरीवर सुट्टीचा कागद प्रत्येकालाच लावायचा होता आणि त्याचा मोकळा सोडून चालणार नव्हतं.

त्याच्यानंतर नार्वाची एक मुलगी बोलली. सप्टेंबर २०२४ पासून एस्टोनियातल्या रशियन शाळा टप्प्याटप्प्यानं एस्टोनियन माध्यमाकडे चालल्या आहेत. सुरुवात बालवाडी, पहिली आणि चौथीपासून. तिचा धाकटा भाऊ तेव्हा चौथीत. "त्याला भाषा यायलाच हवी," ती म्हणाली, "नाही तर ताल्लिनमध्ये नोकरी कोण देणार? पण तो आधी घरी आल्यावर शाळेतलं सगळं सांगायचा. आता विचारलं तर म्हणतो, काही नाही झालं." काका, मी मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेली मुलगी आहे. पहिले सहा महिने भौतिकशास्त्र येत असून हात वर केला नव्हता. तिला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्हाला माहीत आहे." दोघींची मातृभाषा वेगळी, देश वेगळे, पण यापुढे काही समजवावं लागलं नाही.

ती सुधारणा चुकीची आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवायचा हक्क तिथल्या लोकांचा. फोनचा कायदाही मला पटतो. पण कायदा झाल्यावर तो मुलाच्या दिवसात कुठून शिरतो, कुठे टोचतो, हे त्या मुलाशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. आणि स्वतःच्या दोरीकडे बघायला मुलाला शेजारी दुसऱ्याची दोरी लागते. मी एवढ्यासाठी बोटीची तिकिटं काढते.

आता तुमचा खरा प्रश्न: बदललं काय? आमच्याकडे एक गोष्ट बदलली. मुलांनी परत येऊन शाळेच्या विद्यार्थी मंडळापुढे विषय मांडला, मग मुख्याध्यापिकेकडे गेली. फोन परत द्या, असं कुणीच मागितलं नाही. त्यांनी मोठ्या सुट्टीसाठी एक खोली मागितली. ती मिळाली. मंगळवारी आणि गुरुवारी मी तिथे असते. पत्ते, बुद्धिबळ, आणि कुणाशी न बोलता नुसतं बसायचीही मुभा. नार्वाच्या मुलीनं भावासारख्या लहान मुलांसाठी शनिवारी एस्टोनियन गप्पांचा गट सुरू केलाय, व्याकरण न घेता. जॉर्जियाच्या मुलांच्या बाजूनं काहीही बदललेलं नाही. परीक्षा तीच, शिकवणी तीच. हे लपवून तुम्हाला चांगलं चित्र दाखवणं बरोबर होणार नाही. दुसरी एक खंतही आहे: अशा दौऱ्यांना बहुतेक वेळा आधीच धीट असलेली मुलं पुढे येतात. तटबंदीवाल्यासारखा एक यायला चार वर्षांच्या संध्याकाळी लागतात, आणि त्या संध्याकाळींसाठी कुठल्याही अर्जात रकाना नाही.

आपल्याकडच्या मुलांना यात येता येईल का, हेही तुम्ही विचारलं होतंत. या युवा देवाणघेवाणीत सध्या नाही; युरोपीय संघ, त्याच्याशी जोडलेले आणि शेजारचे देश एवढ्यांपुरतीच ती आहे. पदवीनंतर इरास्मस मुंडसच्या शिष्यवृत्त्या भारतीयांना खुल्या आहेत, आणि त्या आपली बरीच मुलं मिळवतात. पण दोरी, चिमटे आणि कागद याला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या जुन्या शाळेत करून बघता येईल, मी फोनवर सोबतीला राहीन.

पुढची फेरी आमच्याकडे आहे, अर्ज फेब्रुवारीत जायचा. या वेळी पहिला मसुदा मुलं लिहितायत, डिस्कॉर्डवर, तिन्ही देशांतून. "या प्रकल्पाची गरज कोणाला आहे?" या रकान्यात अजून काही नाही, त्यावर त्यांचं तीन दिवस चाललंय. परवा नार्वाच्या मुलीनं मध्येच विचारलं, माझ्या भावाला आणता येईल का. तटबंदीवाल्यानं नियम उघडून बघितले आणि लिहिलं, "तेरा पूर्ण लागतात. त्याला सांग २०२७ पर्यंत थांब, मी तेव्हा गटप्रमुख असेन."