रागूसाच्या उन्हातले टोमॅटो

टोमॅटो वाळताना पाहायचे तर इटलीतल्या सिसिली बेटावर ऑगस्टमध्येच जायला हवं. ऊन सोसवत नाही, पण तेच ऊन बघायला मी गेले होते.

बेटाच्या आग्नेय टोकाला रागूसा प्रांत आहे. तिथे व्हित्तोरिया गावाजवळच्या एका शेतघराच्या अंगणात लाकडी फळ्या मांडल्या होत्या. वर टोमॅटोच्या फोडी, चिरलेली बाजू आभाळाकडे. यासाठी लांबट, गरदार, कमी पाण्याचे टोमॅटो घेतात. उभे चिरून जाड मीठ भुरभुरतात. मिठाने पाणी सुटतं आणि बुरशीही धरत नाही. दव पडायच्या आत फळ्या आत, सकाळी पुन्हा उन्हात. टोमॅटोत जवळजवळ 95 टक्के पाणीच, त्यामुळे दहा-बारा किलोंचा जेमतेम किलोभर माल उरतो.

घरच्या आजींनी एक फोड हातावर ठेवली. चिवट, गडद लाल. आधी मीठ लागलं, मग आंबट, आणि चघळता चघळता दाट गोडवा. टोमॅटोतलं ग्लुटामेट, म्हणजे चवीला भरीवपणा देणारं द्रव्य, वाळल्यावर एकवटतं, म्हणून मांस न घालताही रश्शाला भरीव चव येते.

पोषणही तसंच एकवटतं. 100 ग्रॅम वाळलेल्या टोमॅटोत सुमारे 14 ग्रॅम प्रथिनं, 12 ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि 3,400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. अर्थात एका फोडीचं वजन दोनेक ग्रॅम, तेव्हा हे आकडे ताटात येईपर्यंत बरेच लहान होतात. क जीवनसत्त्वाचा मोठा वाटा उन्हात जातो. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन मात्र टिकतं, आणि ते तेलात विरघळणारं असल्याने तेलासोबत अंगी जास्त लागतं.

इथली 'कापुलियातो' मला म्हणूनच फार आवडली: वाळलेले टोमॅटो बारीक कुटून ऑलिव्ह तेल, ओरेगानो, थोडी मिरची. गरम पावावर पसरा, नाहीतर उकडलेल्या पास्त्यात कालवा. वेगळा सॉस लागतच नाही.

घरी करणार असाल तर फोडी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ते पाणी रश्शात वापरा, पण चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नका. रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच जपावं. आणि तेलात मुरवताना कच्चा लसूण घातलात तर बरणी फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. तेलाखाली हवा पोचत नाही, तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात.