तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: हो, ते माझी चेष्टाच करतात

बायको विचारते, मेव्हणा पुण्याहून फोनवर विचारतो, गणपतीला घरी आलेलं कुणीतरी मोदक तोंडात असताना विचारतं: "दर शनिवारी त्या आयरिश म्हाताऱ्यांबरोबर गोल्फ खेळायला जातोस. ते तुझी एवढी टर उडवतात, तुला राग कसा येत नाही?" आजवर हसून विषय बदलत आलो. आता एकदा सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या गणपतीत मलाही मोदक सुखाने खाता येतील.

आधी "गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे चोचले" हे उरकू. आमच्या चौकडीत एक निवृत्त पोस्टमन, एक गाईंचा गोठा असलेला शेतकरी, एक प्लंबर आणि इथे आयर्लंडमध्ये शॅननला नोकरी करणारा मी. क्लेअर परगण्यातला आमचा क्लब नऊ होलचा (होल म्हणजे फटके मारत चेंडू एका खड्ड्यात घालायचा एकेक टप्पा), कुंपणापलीकडे मेंढ्या. डोळे दिपवणारी मैदानंही आहेत, नाही असं नाही. जवळच 1892 सालचं लाहिंच आहे. त्या क्लबच्या मानचिन्हावर बकरी आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर चरणाऱ्या बकऱ्या क्लबहाऊसच्या आडोशाला आल्या की पाऊस येणार, असा हिशोब. हवामान सांगणारं यंत्र मोडलं तेव्हा दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता त्याच्यावर चिठ्ठी लावली: 'बकऱ्या बघा'. तिथला पाचवा होल, डेल, तर दिसतच नाही. ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची हिरवळ, टेकड्यांच्या मध्ये दडलेलं. टेकडीवर एक पांढरा दगड ठेवलेला असतो, त्याच्या रोखाने मारायचं आणि मग चालत जाऊन नशीब बघायचं. चेंडू कसा गेला, कशाला आपटला, हे कुणीच पाहिलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येकाला आपापली कहाणी रचायला मोकळं रान.

आणि हीच खरी मेख आहे. हे लोक गोल्फ खेळतात ते नंतर सांगायला काहीतरी मिळावं म्हणून. चांगल्या फटक्याला "छान" म्हटलं की संपलं. फजितीला मरण नाही. आयर्लंडच्या पॉड्रिग हॅरिंग्टनने 2007 साली स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली, पण आमच्या क्लबात गोष्ट निघते ती शेवटच्या होलवर त्याने दोनदा ओढ्यात चेंडू घातला त्याची. 2019 मध्ये ओपन उत्तर आयर्लंडमधल्या पोर्टरशला आली. रोरी मॅकिलरॉय तिथला घरचा पोरगा. पहिलाच फटका हद्दीबाहेर, चार फटक्यांच्या पहिल्याच होलवर आठ. ती स्पर्धा शेवटी ऑफली परगण्यातल्या शेन लौरीने सहा फटक्यांनी जिंकली, त्याच्या विजयावर देश नाचला, तरी पोस्टमन रंगवून सांगतो तो रोरीचा आठच. 2025 मध्ये रोरीने मास्टर्स जिंकून चारही मोठ्या स्पर्धा पुऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी क्लबात चर्चा कशाची? तेराव्या होलवर एवढ्याशा सोप्या फटक्याला चेंडू पाण्यात कसा घातला याची.

पोस्टमनकडे हे गोष्टी रंगवणं वारशाने आलंय. 1937-38 साली इथे सरकारने शाळेतल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी उतरवून आणा. भुतांच्या, बरकतीच्या, जडीबुटीच्या, शेजाऱ्यांच्या लबाड्यांच्या. हजारो शाळांतून त्या वह्या गोळा झाल्या. त्याची आई तेव्हा शाळेत होती. "तिने उतरवलेल्यातली निम्मी गोष्ट तिचीच होती," असं तो सांगतो. तो स्वतः किती सांगतो नि किती रचतो हे विचारण्यात अर्थ नाही.

आता माझी बाजू. मी कुडाळचा. आमच्याकडे संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर गजाली रंगतात, त्यात ज्याला टोपणनाव पडलं नाही त्याला गावाने आपला मानलेलं नसतं. वराडकरांचा लिओ इथे पंतप्रधान झाला तेव्हा मालवणात पेढे वाटले आणि त्याच पेढ्याबरोबर त्याची टवाळीही झाली असणार, हे मी पैजेवर सांगतो. त्यामुळे क्लबात पहिल्यांदा माझी खेचली तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. बायको सदाशिव पेठेतली. तिला हे पटत नाही.

पण तुम्हाला हे नकोय, मला माहीत आहे. तुम्हाला त्या कॅप्टन्स प्राइझच्या, आमच्या क्लबातल्या वार्षिक स्पर्धेच्या, रात्रीचं ऐकायचंय, कारण बायकोने ते अर्धवट सांगितलंय.

एरवी आमचा हिशोब सोपा असतो: होल बिघडला की चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं. वर्षातल्या या एका स्पर्धेला तसं चालत नाही. प्रत्येक फटका मोजायचा, चेंडू होलात घालूनच हलायचं. सातव्या होलला मी बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेलो. समोर गवताच्या थरांची उभी भिंत, माझ्या छातीपर्यंत. मारलं की चेंडू भिंतीला लागून पायाशी परत आणि वाऱ्याने वाळू डोळ्यांत. किती फटके लागले ते सांगत नाही, कार्डावर आहे. मध्येच खिशातला फोन वाजला. आई. मैदानावर फोन घ्यायचा नाही असा नियम, मी कट केला.

खेळ संपल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून फोन लावला. अंगणात शेवाळावरून घसरून बाबा पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, दवाखान्यात नेलं होतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं. संध्याकाळी जेवणाला जाऊ नकोस म्हणाली. मी म्हटलं, ऑपरेशन उद्या आहे, इथे बसून काय करू?

जेवणात बक्षिसं झाल्यावर पोस्टमन उठला आणि माझी गोष्ट सांगायला लागला. मी बंकरात उतरलो तेव्हा ओहोटी होती, बाहेर आलो तेव्हा भरती. अमेरिकन पर्यटकांची बस थांबली, त्यांना वाटलं इथे उत्खनन चाललंय. मग खिशात फोन वाजतो, भारतातून आई. आणि तो माझा हेल काढून म्हणाला: "बाळा, बाहेर आलास का रे?"

सगळा हॉल हसून लोटपोट. मीही हसलो. बायको खुर्ची सरकवून उठली आणि गाडीत जाऊन बसली.

त्याला माहीत नव्हतं, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो. बायकोचं उत्तर तयार असतं: "फोनचं माहीत नव्हतं. हेल कुणाचा काढतोय ते माहीत होतं ना?" ते मला लागलं होतं. अजून लागतं. मी म्हणतो, तो इथल्याच केरी परगण्यातल्या लोकांचाही हेल काढतो. ती म्हणते, केरीवाल्याला कुणी "परत कधी जाणार" असं विचारत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनला आपल्या लोकांवर हल्ले झाले, वकिलातीने जपून राहा म्हणून सूचना काढली, तेव्हा हा वाद आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा झाला आणि मला चांगलं उत्तर सुचलं नाही. त्या आठवड्यात पोस्टमन आपणहून गाडी घेऊन दारात आला, एकटा येऊ नकोस म्हणाला. तेही खरंच आहे. दोन्हींची वजाबाकी कशी करायची?

बाबा दिवाळीच्या आधी गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. परत आल्यावर पोस्टमन केक घेऊन घरी आला, बसला आणि म्हणाला, कसा माणूस होता, सांग. इथे कुणी गेलं की त्याच्या फजित्या सांगून रात्र जागवतात. मी सांगायला लागलो, आणि बोलता बोलता अंगणाचं, त्या दिवसाचं, फोनचंही सांगून गेलो. तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षीच्या जेवणात बंकरची गोष्ट झाली, भरती-ओहोटी झाली, बस झाली. फोन नव्हता. गोष्ट पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "आणि आईचा फोन?" पोस्टमन माझ्याकडे बघायला लागला.

तेव्हा मी उठलो आणि ते वाक्य मीच म्हटलं. माझ्याच हेलात, तो काही मला काढावा लागत नाही.

बायको त्या रात्री नव्हती, तिला प्लंबरच्या बायकोकडून कळलं. बाबांच्या पडण्यावर टाळ्या घेतल्यास, म्हणाली. मी म्हटलं, गोष्ट माझी होती, मी परत घेतली. ती म्हणाली, "मग आईंना सांग ना." आईला सांगितलं तर ती हसेल अशी माझी खात्री आहे. बायको म्हणते, खात्री आहे तर फोन लाव.