न्यूयॉर्कमध्ये कॅबरे गाण्याचा कोर्स केला, चार दिवस आणि दोन गाणी

आईला फोनवर सांगितलं की कॅबरेच्या कोर्सला चाललेय तर पलीकडे एकदम शांतता, मग "अगं पण तुला नाचता कुठे येतं?" आपल्याकडे कॅबरे म्हटलं की हेलनच डोळ्यासमोर येते, त्यात आईची काय चूक. तिला सांगितलं की हे गाणं आहे, छोट्या खोलीत पन्नास-साठ माणसं टेबलांशी बसलेली, एक पियानो, एक माइक, आणि गाणारी बाई त्यांच्याशी गाण्यातून बोलते. पॅरिसला 1881 मध्ये ल शा न्वार नावाचं पहिल्या काळातलं कॅबरे सुरू झालं तेव्हापासून ही पद्धत आहे. आई म्हणाली मग बैठकच की. चार दिवसांनी परत आल्यावर मला तिचंच म्हणणं सगळ्यात बरोबर वाटतंय.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, त्यामुळे हॉटेल नव्हतं, रोज एनजे ट्रान्झिटच्या ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन आणि तिथून आठव्या अ‍ॅव्हेन्यूने चालत स्टुडिओ. वेळ गाडीत धरा तासभर, वर पंधरा-वीस मिनिटं चालणं. थंडीत येणार असाल तर स्कार्फ नाकातोंडावर घ्या, कारण बाहेरच्या गारठ्यातून हीटर लावलेल्या खोलीत शिरलं की घसा कोरडा पडतो आणि लगेच गायला उभं केलं तर आवाज फुटतो, माझा पहिल्या सकाळी फुटला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी. मी इतकी वर्षं काळी चारला गाते, तेच डोक्यात धरून ए फ्लॅटमधलं, म्हणजे काळी चारमधलंच, शीट म्युझिक (छापलेली स्वरलिपी) घेऊन गेले. ते चुकीचं होतं. आपला सा आणि इथली "की" (गाण्याची पट्टी) हे एकमेकांवर तसेच्या तसे बसत नाहीत, गाण्यातला सगळ्यात वरचा सूर कुठे जातोय ते आधी बघायचं. शिकवणाऱ्या बाईंनी पियानिस्टला ते एफवर, म्हणजे आपल्या पांढरी चारवर आणायला लावलं आणि म्हणाल्या की शब्द तुझ्या बोलण्याच्या आवाजात ऐकू आले पाहिजेत. तेव्हा घरूनच दोन-तीन पट्ट्यांत गाऊन बघा, जी ठरेल त्यातच छापून न्या, पियानिस्टला ऐनवेळी ट्रान्सपोज करायला, म्हणजे पट्टी बदलून वाजवायला, लावू नका. पानं बाइंडरमध्ये लावा, दोन्ही बाजूंनी छापलेली, चकाकणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये घालू नका कारण दिव्याखाली पियानिस्टला काही दिसत नाही. कुठे थांबायचं, कुठली ओळ परत घ्यायची ते पेनाने ठळक लिहा. आणि लय सांगताना चुटक्या वाजवायच्या नाहीत, इथे ते फार उद्धट समजतात, हळू आवाजात पहिल्या दोन ओळी गाऊन दाखवायच्या, तेवढं त्यांना पुरतं.

दुसऱ्या दिवशी मी गाताना प्रत्येक ओळीच्या शेवटी छोटी हरकत, म्हणजे सुरांचं झटकन वळण, घेत होते, गळ्याला लागलेली सवय. बाईंनी थांबवलं आणि विचारलं, हा शब्द इथे का वळवलास? मला उत्तर देता येईना. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं, समोर दुसरी एक विद्यार्थिनी, आणि सांगितलं की चाल विसर आणि हे शब्द हिला सांग. तीन वेळा सांगितले, तिसऱ्या वेळी "अजूनही" या अर्थाच्या एका साध्या शब्दावर मी आपोआप थांबले. मग गाऊन बघितलं तर हरकत तिथेच आली, एकच, आणि बाकीच्या सगळ्या गळून गेल्या. मेबल मर्सर नावाची मोठी गायिका होऊन गेली, ती खुर्चीत बसूनच गायची, आणि प्रसिद्ध अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा म्हणायचा की शब्द कसे टाकायचे ते मी हिच्याकडून शिकलो. हे ऐकलं आणि मला बैठकीची लावणीच आठवली, बसल्या जागी एकच ओळ पाच वेळा घ्यायची आणि दर वेळी अर्थ वेगळा, फक्त डोळे आणि हात. आपल्याकडून जाणाऱ्यांनी हे बरोबर घेऊन जावं, तिथे ते उपयोगी पडतं.

पॅटर म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं. यात मी सगळ्यात जास्त अडकले. मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन करायची सवय, त्यामुळे गीतकार कोण, संगीतकार कोण, साल कुठलं, सगळं चार मिनिटं सांगितलं. बाई म्हणाल्या ही माहिती पत्रिकेत छाप, तू आज हे का गातेयस तेवढं सांग. रात्री ट्रेनमध्ये लिहीत बसले, खोडत खोडत शेवटी पाच वाक्यं राहिली, डोंबिवलीची आमची गॅलरी आणि बाबांचा रेडिओ. चाळीस सेकंद. तुम्ही जाणार असाल तर हे घरीच लिहून, घड्याळ लावून, मोठ्याने बोलून बघा, पाठ मात्र करू नका, पाठ केलेलं लगेच कळतं.

शेवटच्या रात्री खऱ्या खोलीत कार्यक्रम असतो. पहिलं टेबल माझ्यापासून चार फुटांवर, लोकांचे चेहरे दिसतात, कुणी चमचा ठेवला तरी ऐकू येतं. माइक स्टँडवरून काढलात तर स्टँड मागे नेऊन ठेवा, मध्ये राहिला तर तुमच्या आणि लोकांच्या मध्ये काठी उभी राहते. गाणं संपल्यावर लगेच नमस्कार करू नका, शेवटचा सूर विरेपर्यंत उभं राहा. हे मला फार कठीण गेलं, पण ते दोन सेकंद मी आयुष्यभर विसरणार नाही.

घरच्यांना बोलावणार असाल तर आधीच सांगून ठेवा, तिकिटाचे म्हणजे कव्हर चार्जचे पैसे वेगळे आणि वर बहुतेक ठिकाणी माणशी दोन ड्रिंक्स घ्यावीच लागतात, सोडा किंवा ज्यूस घेतला तरी सहसा चालतं. रोख पैसे जवळ ठेवा, काही ठिकाणी कार्ड घेत नाहीत, शिवाय पियानोवरच्या बरणीत टिप म्हणून टाकायला लागतात. मध्यरात्रीनंतर गाड्या कमी होतात, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा, आम्हाला पेन स्टेशनवर बराच वेळ बसावं लागलं.

कोर्सला जायच्या आधी निदान एकदा ओपन माइकला, म्हणजे कुणीही उठून गाऊ शकतं अशा कार्यक्रमाला, जाऊन नुसतं बसा. 46व्या रस्त्यावर डोन्ट टेल मामा नावाचं कॅबरे आहे, ग्रीनिच व्हिलेजमध्ये डुप्लेक्स आहे. मी आधी गेले नव्हते. आता दर महिन्याला जायचं ठरवलंय, तेच गाणं घेऊन, एफमध्येच.