शेवंती फेकू नका हो

मार्गशीर्ष संपला की आमच्या सोसायटीत कचऱ्याच्या डब्याशेजारी शेवंतीच्या कुंड्या दिसायला लागतात. फुलं वाळून तपकिरी, खालची पानं काळी पडलेली, आणि कुणाला विचारलं तर ठरलेलं उत्तर, "मेलं ते, सीझनलच असतं ना." अहो नसतं! झेंडू एका वर्षाचा, शेवंती नाही. वरचं वाळलं तरी मातीखाली ती जिवंत असते आणि नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं पिवळीधम्मक फुलते, दरवर्षी नव्याने पैसे घालवायची काही गरज नाही.

फुलं संपली की कात्री घ्यायची आणि मातीच्या वर चार-पाच बोटं ठेवून बाकी सगळं सरळ छाटून टाकायचं. हात कचरतो खरा, पण खाली वाकून बघा, जुन्या खोडाच्या बुडाशी बारीक हिरवे कोंब आलेले असतात, तेच फुटवे. बोटाने जरा माती सरकवली तर प्रत्येक फुटव्याला त्याची स्वतःची मुळं दिसतात, दोऱ्यासारखी पांढरी. म्हणजे ते आयतं रोपच झालं की! फेब्रुवारी-मार्चमध्ये हे फुटवे मुळांसकट सोडवून छोट्या कुंड्यांत लावायचे. मधलं जून लाकडासारखं झालेलं खोड काढून टाकलं तरी चालतं, त्याला पुढे फारशी चांगली फुलं येत नाहीत.

एप्रिल-मेचं पुण्याचं ऊन तिला सोसत नाही, तेव्हा सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली. पण खरी परीक्षा पावसाळ्यात. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजलीच म्हणून समजा, आणि आधी कळतही नाही, माती ओलीच्या ओली आणि रोप मात्र मान टाकून बसलेलं, मग माणूस अजून पाणी घालतो. म्हणून जूनमध्ये मोठ्या कुंडीत हलवताना मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाडसर वाळू घालायची, कुंडीखाली विटेचे तुकडे ठेवायचे म्हणजे भोक मोकळं राहतं. कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, सगळीकडे फार कौतुक चाललेलं असतं पण पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं, मी शेवंतीला अगदी चिमूटभरच घालते.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. मग बाजूने फांद्या फुटतात, त्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे, असं गणपतीपर्यंत. त्यानंतर हात लावायचा नाही, कारण पुढे त्याच शेंड्यांवर कळ्या धरतात. न खुडलेली शेवंती काठीसारखी उंच होते आणि टोकाला चार फुलं घेऊन आडवी पडते. अजून एक गंमत, नर्सरीतून आणलेली शेवंती पहिल्या वर्षी कशी बुटकी गोल गोंडस असते आणि दुसऱ्या वर्षी एकदम ढांगुळी होते, तेव्हा लोकांना वाटतं जात बिघडली. जात तीच असते हो, कुंडीतल्या रोपांना पुष्कळदा वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं, त्याचा असर संपला की ती आपल्या मूळ उंचीवर येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अंधार. शेवंती रात्र मोजते. दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की मगच ती कळी धरते, आणि त्या रात्रीत मधेच उजेड पडला तर तिचा हिशोब चुकतो. हे काही माझं म्हणणं नाही, फुलणं दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतं हे अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी 1920 मध्येच दाखवलं होतं. पॉलिहाऊसवाले तर यावरच धंदा करतात, फुलं लांबवायची असली की रात्री बल्ब लावतात आणि लवकर हवी असली की संध्याकाळीच काळं कापड ओढतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची शेवंती पॅसेजच्या ट्यूबलाइटखाली ठेवलेली, हिरवीगार, तजेलदार, दिवाळी उलटून गेली तरी कळीचा पत्ता नाही. खतं घालून घालून थकल्या बिचाऱ्या. मी म्हटलं काकू, खत राहू दे, कुंडी तेवढी गच्चीत न्या. पुढच्या वर्षी सप्टेंबरपासूनच वर नेली आणि मग कळ्याच कळ्या!

कळ्या आल्या की मावा ही बारीक कीड येणारच. कोवळ्या देठाला, अगदी कळीच्या मानेशी काळपट दाणे चिकटल्यासारखे दिसतात, बोट लावलं की हलतात. थोडे असतील तर पाण्याची जोरात धार मारायची, जास्त असतील तर नीम ऑइल पाण्यात मिसळून, त्यात दोन थेंब लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारायचं, उन्हात नको, पानं करपतात. पाणीसुद्धा बुडाशीच घालायचं, पानं रात्रभर ओली राहिली की काळे डाग पडतात. आणि ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी छाटताना ग्लोव्हज घाला, शेवंतीच्या चिकाने काहींच्या हाताला खाज सुटते.

मोठं फूल हवं असेल तर फांदीवर मधली एक कळी ठेवून बाजूच्या खुडतात. मला स्वतःला ते आवडत नाही, एकच भलंमोठं फूल म्हणजे सत्काराच्या बुकेतलं वाटतं. आपली साधी पिवळी, छोट्या फुलांची भरगच्च शेवंतीच बरी. तिची एक पाकळी कधी ओढून बघा, बुडाशी बारीकशी दुभंगलेली जीभ दिसेल, म्हणजे ती पाकळी नसून एक अख्खं फूलच असतं, आपण ज्याला एक शेवंती म्हणतो तो असा शेकडो फुलांचा गुच्छ. म्हणूनच तर ती झाडावर आरामात तीन आठवडे टिकते. वेणीला किंवा गुरुवारच्या पूजेला हवी असेल तर पूर्ण उमललेलीच खुडा, अर्धवट उमललेली खुडली तर नंतर नीट उमलत नाही.