आठ लाखांची रेषा आणि केळीची बाग

आमच्या महाविद्यालयात महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती अर्जांची छाननी माझ्याकडे असते. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पालक मुलाची बारावीची गुणपत्रिका पुढे ठेवतात आणि एवढ्या गुणांवर किती शिष्यवृत्ती मिळेल असे विचारतात. पदवीच्या शासकीय शुल्कसवलतीत गुणांचा थेट संबंध फारच थोडा येतो, हे त्यांना आधी सांगावे लागते. मुख्यतः चार गोष्टी पाहिल्या जातात : विद्यार्थ्याचा प्रवर्ग, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न, प्रवेश कोणत्या मार्गाने झाला आणि त्या अभ्यासक्रमाचे मान्य शुल्क किती आहे. गुण उपयोगी पडतात ते कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, जागा मिळवण्यासाठी. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती मिळत नाही, मग घरची परिस्थिती कितीही बेताची असो. आणि मान्य शुल्क म्हणजे खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांसाठी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली रक्कम. संस्था इतर नावांनी जे घेते ते या हिशेबात येत नाही.

उत्पन्नाच्या रेषा प्रवर्गागणिक वेगळ्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर भारत सरकार शिष्यवृत्तीतून शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. व्यावसायिक पदवीच्या गटात तो वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला 13,500 रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्यास 7,000 रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर फ्रीशिप, म्हणजे केवळ शुल्कमाफी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग (एसईबीसी) आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची रेषा आठ लाखांची असून, मुलांना शिक्षण व परीक्षा शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. मुलींना 2024-25 पासून हे शुल्क पूर्ण मिळू लागले. या एका निर्णयाने मुलीला अभियांत्रिकीला घालावे की जवळच्या गावात बी.ए.ला, या घरोघरच्या चर्चेचा सूर बदललेला मी पाहिला आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

राहण्याखाण्याचा खर्च हा मात्र निराळा प्रश्न आहे. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबारला शिकायला आलेल्या आदिवासी मुलाला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणासाठी वर्षाला 43,000 रुपये मिळू शकतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही रक्कम 60,000 आहे. आधी वसतिगृहासाठी अर्ज केलेला असावा लागतो, हे अनेकांना उशिरा कळते. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकून राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी ते काम उरकून घ्यावे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले त्याकडे वळतो. गेल्या हंगामात रावेर भागातील एक केळी उत्पादक शेतकरी मुलाच्या कागदपत्रांची पिशवी घेऊन आले होते. कागद नीट लावलेले होते : सातबारा, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर (मागासवर्गातील सधन थरात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र आणि सर्वांत वर उत्पन्नाचा दाखला. दाखल्यावरचा आकडा आठ लाखांच्या किंचित वर होता. त्या वर्षी केळीला भाव बरा मिळाला होता. त्यानंतर मुलाचा प्रवेश होईपर्यंत बागेत हरण्या रोग शिरला आणि रोपे उपटून फेकावी लागली. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आहे म्हणजे सवलत मिळणारच, अशी त्यांची समजूत होती आणि ती अगदी स्वाभाविक होती, कारण दोन्हीकडे आकडा आठ लाखांचाच आहे. पण मोजण्याची रीत वेगळी आहे. क्रिमीलेअर ठरवताना शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न धरले जात नाही आणि सलग तीन वर्षांचे चित्र पाहिले जाते. शिष्यवृत्तीसाठी मात्र सर्व मार्गांनी आलेले उत्पन्न धरतात आणि तेही एकाच आर्थिक वर्षाचे. रेषेच्या अलीकडच्या मुलाला निम्मे शुल्क मिळते, पलीकडच्या मुलाला एक रुपयाही नाही.

दुसरीकडे हे कसे करतात, ते पाहावे म्हणून मी अमेरिकेतील पदवी विद्यार्थ्यांच्या संघराज्य मदतीची पद्धत वाचून काढली. ती तेथील नागरिकांसाठी व काही पात्र रहिवाशांसाठी आहे, आपल्याकडून शिकायला गेलेल्यांना लागू नाही. तेथे महाविद्यालयाचा एकूण खर्च, म्हणजे शुल्कासह राहणे, जेवण, पुस्तके आणि प्रवास, मांडला जातो आणि त्यातून कुटुंबाच्या ऐपतीचा निर्देशांक वजा केला जातो. उरते ती गरज. हा निर्देशांक शून्याच्याही खाली, उणे 1,500 पर्यंत जाऊ शकतो. गरजू विद्यार्थ्यांना या मदतीतून मिळणाऱ्या पेल अनुदानाची कमाल रक्कम 2024-25 मध्ये 7,395 डॉलर होती आणि ऐपत वाढत जाईल तशी ती उतरत जाते. तेही जुनेच, दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरतात; परंतु नंतर नोकरी गेली किंवा कमाई घसरली, तर कागदपत्रे पाहून आकडा बदलण्याचा अधिकार महाविद्यालयाच्या मदत अधिकाऱ्याला असतो. त्या पद्धतीत विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कर्जाचा मोठा बोजा राहतो, त्यामुळे ती जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. पण बुडालेल्या वर्षाची दखल घेण्याची जी सोय तेथे आहे, तिची गरज खानदेशाइतकी फार थोड्या भागांना असेल. आमच्याकडे कापूस आणि केळी या दोन पिकांवर घरे चालतात, आणि दोन्हींचे एक वर्ष दुसऱ्यासारखे नसते.

आठ लाखांची मर्यादा वाढवा, असे मी म्हणत नाही. शेतकरी कुटुंबांसाठी एका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी धरावी, एवढेच मागणे आहे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. तहसील कार्यालय तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला आजही देते, नॉन-क्रिमीलेअरच्या अर्जाला तोच जोडला जातो, आणि रावेरच्या त्या शेतकऱ्याच्या पिशवीतही तो होता. छाननीच्या रकान्यात तो मांडायला जागा तेवढी नव्हती.